बॅटरी वाढवली

१

रेडिओकाका गेले त्याला एकवीस दिवस झाले होते, आणि टेस्टरबाई त्यांच्या घरी आल्या होत्या त्या फक्त एका सहीसाठी.

टेस्टरबाई हे त्यांचं नाव नव्हे. अंबाड्यात पेन खोचावं तसा टेस्टर खोचून हिंडायच्या, म्हणून सगळं कार्यालय त्यांना याच नावाने ओळखायचं. विजेचा धक्का बसून माणूस गेला की तो का गेला हे लिहिणारं ते कार्यालय. या वेळचं कारण साहेबांनी आधीच लिहून टाकलं होतं. बाईंनी सही घ्यायची आणि मयताची वही परत द्यायची, एवढंच काम उरलं होतं.

वही त्यांच्या पिशवीत होती. रेडिओकाकांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. म्हातारपणी ते धाकट्या भावाच्या हाती दिलं, घराच्या छतावर सोलर बसवलं, शेडमध्ये बॅटरीचं कपाट उभं केलं आणि लेकीच्या विजेवरच्या गाडीसाठी चार्जर लावला. त्या चार्जरचं सॉकेट सैल झालं होतं. ते उघडून बसले असतानाच भर दुपारी काका गेले. शेडमधल्या खिळ्याला टांगलेल्या वहीत त्यांच्याच अक्षरात शेवटची ओळ होती:

'बारा चाळीस. मेन काढला. बॅटरी वाढवली. सॉकेट उघडतो.'

साहेबांनी यावरून ताडलं ते असं. अपघात झाला तर वीज तोडणारा मेन स्विच आधी काढला, मग बॅटरीचा जोर वाढवला आणि मग उघड्या तारांना हात घातला. चाळीस वर्षं विजेशी खेळलेल्या माणसाची अशी चूक होत नसते. अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'मयताने विद्युतभार स्वहस्ते वर्धित केल्याची लेखी नोंद आहे. कारण: स्वेच्छेने.'

काकूंनी अहवाल वाचला. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचला.

"वही बघू द्याल?"

"सही झाल्यावर देता येते. नियम आहे."

"सही करते हो. मी कुठे नाही म्हणतेय?" काकू म्हणाल्या. "फक्त पाऊण वाजू दे."

"पाऊणला काय आहे?"

"ते येतात," काकू म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवून शेडकडे निघाल्या.

२

भुताखेतांच्या गोष्टी ऐकायच्या त्या काळोखात, असा आपला समज. इथे ऊन असं होतं की अंगणात माणसाला स्वतःची सावली शोधावी लागत होती. छतावरचे पॅनेल चकाकत होते, झाडाचं पान हलत नव्हतं.

शेडमध्ये गाडी उभी होती. पांढरी, वर धुळीचा थर. तीन आठवड्यांत तिला कोणी हात लावला नव्हता. भिंतीवर चार्जरच्या जागी भोक होतं आणि त्यातून चिकटपट्टी गुंडाळलेली तारांची टोकं बाहेर आली होती. मेन स्विचवर कार्यालयाचं लाखेचं सील होतं. बॅटरीच्या कपाटाला मात्र कोणी शिवलंही नव्हतं. तपासाला आलेल्या माणसांना ते गप्प दिसलं, आणि गप्प आहे त्याला कोण कशाला उठवतो?

काकू एका स्टुलावर बसल्या. टेस्टरबाई उभ्याच राहिल्या.

टक्.

आवाज कपाटातून आला. मग आतला पंखा फिरू लागला, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा. काळ्या स्क्रीनवर हिरवी रेघ उगवली. बाईंनी अंबाड्यातून टेस्टर काढून एका तारेची चिकटपट्टी जरा सोलली आणि टोक लावलं. टेस्टर पेटला. मेन सीलबंद, घरात तिसरं माणूस नाही, कपाटाला कोणाचं बोट लागलेलं नाही, आणि तारेत जीव होता. घड्याळात पाऊण वाजला होता.

"का हो?" काकू कपाटाला म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, घरातला. "सकाळी म्हणालात, एकला जेवायला बसू. मी ताट वाढलं होतं. मग का?"

पंखा फिरत राहिला. काकू थोडा वेळ उत्तराची वाट बघत बसल्या.

"रोज विचारते. सांगत नाहीत." त्या उठल्या. "चला. मी थांबत नाही. कधी जातात कोण जाणे. एकदा गेलेले पाहिले, पुन्हा जाताना नाही बघवत."

"काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"राग येतो. नवऱ्यावर रागावलेल्या बाईला कसली भीती?" त्या दारात थांबल्या. "माझ्या डोळ्यातून पाणी नाही आलं अजून. लोक बोलतात माघारी. बोलू देत. जो स्वतःहून उठून गेला त्याच्यासाठी मी का रडू?"

टेस्टरबाईंनी सहीचा कागद परत पिशवीत घातला. आजवर अहवाल लिहिताना मेलेल्या माणसाला काही फरक पडत नाही अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. जिवंत माणसाला पडतो, हे त्यांना आता समोर दिसत होतं.

३

संशय घ्यायचा तर तिघांचा. घरातली लेक, सोलर बसवणारा आणि दुकान चालवणारा धाकटा भाऊ. भावावर साहेबांचा आधीपासून डोळा होता. त्याच्या जबाबातल्या एका वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती. 'त्या दिवशी मी साडेबाराला दुकान वाढवलं.' शेजारी साहेबांचा शेरा: 'भाऊ मरतो त्याच दिवशी विस्तार?'

म्हणून टेस्टरबाई ते वाढवलेलं दुकान बघायला गेल्या.

दुकान एवढंसं होतं की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाने पोट आत घ्यावं. डावीकडे शिंप्याची भिंत, उजवीकडे जिना, मागे पाण्याची टाकी. फळ्यांवर पोट उघडलेले रेडिओ. धाकटा भाऊ डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"सोलरवरून भावाशी वाद होता तुमचा, असं कळलं."

"होता की. छत दोघांचं, आणि दादाने मला न विचारता सगळं झाकलं. दोन महिने बोललो नव्हतो." त्याने भिंग काढलं. "आता बोलायला कोण आहे?"

"दुकान कुठल्या बाजूने वाढवलंत?"

"बाजूने?"

"जबाबात आहे तुमच्या. साडेबाराला दुकान वाढवलं."

"हो, वाढवलं. जेवायला जायचं होतं. शटर ओढलं, कुलूप घातलं, निघालो." तो त्यांच्याकडे बघत राहिला. "त्यात काय बाजू आणि काय?"

"म्हणजे बंद केलंत?"

त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. "हळू. इथे तो शब्द काढत नाही आम्ही. धंद्याच्या जागी बंद म्हणायचं नसतं. दुकान वाढवायचं. दादाचं तर विचारूच नका. दिवा वाढव, पंखा वाढव, रेडिओ वाढव. नवीन गिऱ्हाईक आवाज मोठा करायचं आणि दादा चिडायचा. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून बंद हा शब्द मी ऐकला नाही."

टेस्टरबाईंची आजीही दिवा वाढव म्हणायची. पण शिकलेल्या माणसाला आपल्याच आजीची बोली फायलीत भेटली की ओळख पटत नाही. साहेबांनी 'वाढवली' वाचलं, 'वर्धित' लिहिलं आणि माणसाला आत्महत्येच्या रकान्यात बसवून मोकळे झाले. ज्यांना त्या शब्दाचा अर्थ झोपेतही कळला असता, त्या काकूंना वही दाखवायची नाही असा नियम.

त्यांनी तिथेच पिशवीतून वही काढून मागची पानं उलटली. रोज दुपारी, जेवणाआधी, एकच ओळ. 'बॅटरी वाढवली.' दोन वर्षं, एक दिवस चुकला नव्हता. कमी केल्याची नोंद एकही नाही. रोज वाढवतच गेला असता माणूस, तर कपाट केव्हाच छत फोडून वर गेलं असतं.

म्हणजे काका मरायला बसले नव्हते. मेन काढून, बॅटरी बंद करून, नाकासमोर काम करत बसले होते.

आणि बारा चाळीसनंतर कोणीतरी ती चालू केली होती.

४

"माझा काही संबंध नाही," सोलरवाला फोनवर म्हणाला. अजून त्याला काही विचारलंही नव्हतं.

"बॅटरी चालू कशी होते, तेवढंच सांगा."

"कपाटाच्या स्क्रीनवरून. नाहीतर फोनवरून, कुठूनही."

"आणि कोणी चालू करू नये असं वाटत असेल तर?"

"बाजूला लाल खटका आहे. तो ओढला की फोनचं काही चालत नाही. पण..." त्याचा आवाज उतरला. "काकांना मीच सांगितलं होतं, उगाच ओढू नका, मग सगळं जुळवायला मला यावं लागतं. स्क्रीनवरून करा, पुरेसं आहे. बाई, तीन आठवडे मी झोपलो नाहीये."

"उद्या दुपारी घरी या. जुळवायची अवजारं घेऊन."

लेक सहाला घरी आली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. कामाला बसनेच जायची; गाडी दुपारी भरायला ठेवून संध्याकाळी काढायची, ती तीन आठवडे तिने काढलीच नव्हती. स्वयंपाकघरात ती भांडी विसळत राहिली आणि टेस्टरबाईंशी पाठमोरीच बोलली. काकू शेजारणीकडे गेल्या होत्या.

"बाबांचं आणि तुझं पटायचं?"

"गाडीवरून भांडायचो. दुपारी ऊन फुकट असतं, तेव्हाच बॅटरी चालू हवी, गाडी तेव्हाच भरते. आणि बाबा नेमके जेवायच्या आधी जाऊन ती घालवायचे. चालू वस्तू सोडून ताटावर बसू नये म्हणे. मी संध्याकाळी बघावं तर गाडी अर्धी."

"सॉकेट उघडणार आहेत हे माहीत होतं?"

"नाही." पेला तिच्या हातातून निसटून भांड्यात पडला. "कोणाला सांगून काही करायचेच नाहीत ते. सॉकेट सैल आहे असं मी एकदाच म्हटलं होतं."

"तुझ्या फोनवर बॅटरीचं अ‍ॅप आहे?"

"नाही. हा घ्या फोन, बघा."

खरंच नव्हतं. टेस्टरबाईंनी फोन परत दिला.

"आईला समजवा हो तुम्ही," लेक म्हणाली. "रोज तिथे जाऊन बसते. बाबा येतात म्हणते. पाऊणला सुरू होतं, तीनला थांबतं, यंत्र आहे ते. त्यात बाबा कुठून येणार? पण रात्री जेवताना मला सांगते, आज पण आले होते. माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

तिचा चेहरा खरंच ओढलेला होता. टेस्टरबाईंना तिची दया आली. घरी जाऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ती दयाच त्यांच्या मनात होती, आणि मग त्या ताडकन उठून बसल्या.

५

दुसऱ्या दिवशी काकू नेहमीसारख्या विचारून जेवायला गेल्या, आणि टेस्टरबाई स्टुलावर एकट्या थांबल्या.

सव्वादोन तास. विजेला त्या कधी घाबरल्या नव्हत्या. पण शेजारी कोणीतरी न बोलता श्वास घेत बसलंय आणि आपण त्याच्या घरात आगंतुक आहोत, असं त्यांना दोनच्या सुमाराला वाटू लागलं. गाडीच्या काचेत कपाटाची हिरवी रेघ दिसत होती. एकदा त्यांना वाटलं की रेघेमागे कोणीतरी बसलंय. त्यांनी नीट पाहिलं. त्यांचाच चेहरा होता. तरीही त्यांनी स्टूल सरकवून पाठ भिंतीला लावली.

तीन वाजले. टक्. पंखा मंदावला, रेघ विझली आणि शेड एकदम इतकी रिकामी झाली की बाईंना क्षणभर कोणीतरी गेल्यासारखंच वाटलं.

"गेले?" दारातून काकूंनी विचारलं. भांडी आवरून त्या न राहवून आल्या होत्या. "तीनला जातात होय? मला ठाऊक नव्हतं."

"कोणालाच ठाऊक नव्हतं?"

"कोणाला असणार? भावजी तर या दारात पाय ठेवत नाहीत. शेजारी घाबरतात. लेक सहाशिवाय येत नाही."

"सुट्टीच्या दिवशी?"

"दुपारी घरात थांबतच नाही ती. काही ना काही काढून बाहेर जाते."

टेस्टरबाईंनी मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हे चांदणंही नव्हतं. एक बिचारा आकडा होता, थकलेल्या तोंडून निसटलेला. दुपारी तीनला इथे कधीच नसलेल्या माणसाला तीन हा आकडा एकाच रस्त्याने कळू शकतो. तो त्यानेच घातलेला असला तर.

तेवढ्यात सोलरवाला आला. काकू चहा ठेवायला घरात गेल्या. त्याने कपाटाला आपलं यंत्र जोडलं आणि आतली यादी वाचली. 

"वेळापत्रक आहे. रोज, पाऊण ते तीन, बॅटरी चालू. त्याच दिवशी घातलंय, बारा पस्तीसला. एका फोनवरून. काकांचाही नाही, माझाही नाही. आणि तो फोन त्याच दुपारी सव्वादोनला यादीतून काढलाय."

"फोन काढला तरी हुकूम राहतो?"

"हुकूम कपाटात असतो बाई. फोन काढला तर तो मागे घ्यायची सोय तेवढी जाते."

तीन आठवडे त्या शेडमध्ये कोण येत होतं, हे टेस्टरबाईंना आता कळलं. आणि ते काकूंना कोणी सांगायचं, हा प्रश्न उभा राहिला.

६

चष्म्याच्या दुकानाची मागची खोली अंधारी होती. समोरच्या फळ्यावर अक्षरं उजळलेली, मोठ्यापासून बारीकपर्यंत. लेकीने टेस्टरबाईंना पाहिलं आणि गिऱ्हाईकाला बाहेर बसायला सांगितलं.

"तीनला थांबतं, हे तुला कसं माहीत?"

लेक खुर्चीत बसली. तिने काहीच नाकारलं नाही. इतके दिवस कोणीतरी विचारावं याचीच वाट बघत असावी तशी बोलली.

"माझी जेवणाची सुट्टी होती. आज पण बाबा बॅटरी घालवणार आणि गाडी अर्धी राहणार, म्हणून चिडले. म्हटलं, रोजची कटकट नको. रोज पाऊण ते तीन, असं घालून टाकलं. त्यांनी हाताने घालवली तरी पाऊणला आपली आपण सुरू होईल." ती आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती. "मग धाकट्या काकांचा फोन आला, बाबा गेले. टॅक्सीत बसल्यावर वेळ जुळली माझ्या डोक्यात. मी अ‍ॅप काढून टाकलं. विचार नाही केला. हात भाजला की आपण मागे घेतो ना, तसं. घरी पोचले तर तुमचे साहेब आईला सांगत होते, त्यांनीच करून घेतलं."

"आणि तू गप्प राहिलीस."

"दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, आज ते आले होते." लेकीने ते बोट मुठीत मिटलं. "ते मी होते. रोज पाऊणला तिथे मी जाते. आणि थांबवता येत नाही."

"लाल खटका ओढला असता तर थांबलं असतं."

"त्या शेडमध्ये पाय टाकवत नाही."

टेस्टरबाईंनी ओरडायचं ठरवलं होतं. त्यांना ते जमलं नाही. "अहवाल मी बदलणार आहे," त्या म्हणाल्या. "अपघात. कसा झाला, तेही त्यात लिहावं लागेल. पण आईला ते कागदावरून कळायला नको. चल."

त्या दोघी घरी पोचल्या तेव्हा काकू अंगणात कपडे काढत होत्या. टेस्टरबाईंनी कसलाही नियम न पाळता वही त्यांच्या हातात दिली. काकूंनी चष्मा लावला, शेवटची ओळ वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वाढवली," त्या म्हणाल्या. "अहो, मग बंदच केली होती की त्यांनी."

"हो."

"म्हणजे ते..."

"एकला जेवायला येणार होते, काकू. तुम्हाला सांगितलं होतं तसे."

काकू पायरीवर बसल्या. कपडे मांडीवर तसेच. मग लेक त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, काही न लपवता, स्वतःला काही सवलत न देता.

"बारा पस्तीसला तू केलंस," काकू म्हणाल्या, "ते तुला माहीत नव्हतं. तुला सांगायला हवं होतं त्यांनी, सॉकेट उघडतोय म्हणून. जन्मात कधी कोणाला सांगून काम केलं नाही त्या माणसाने. ते मी सोसेन. तुझ्याकडे बघून सोसेन." त्यांनी वर पाहिलं. "पण एकवीस-बावीस दिवस तू मला त्यांच्यावर रागावू दिलंस. मी रोज जाऊन त्यांना टाकून बोलले. आणि तू जेवताना ऐकत होतीस."

लेक आईच्या पायाशी बसायला वाकली.

काकूंनी हात आडवा धरला. जोर नव्हता त्यात, पण लेक थांबली.

"आत्ता नको," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आधी मला त्यांच्यासाठी रडू दे. तुझ्यासाठी उद्या रडेन. जा, आधी तो खटका ओढून ये."

लेक शेडकडे निघाली. दाराशी क्षणभर थबकली, मग आत गेली. काकूंनी नवऱ्याची वही छातीशी धरली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.